लाँचच्या सुकाणूची गळती आणि मे महिन्यातले सतरा दिवस

गेल्या वर्षी डिसेंबरात वासोटा किल्ल्यावर नेलेल्या पर्यटकांना आमच्या लाँचमधून कोयनेच्या जलाशयातून परत आणताना संध्याकाळी मागच्या फळीवर बसलेल्या एका ताईंनी मला हाक मारली, दादा माझी बॅग खालून पूर्ण भिजलीये. मी म्हटलं पाय ठेवायच्या जागी थोडं पाणी असतं, बॅग वर घ्या. पण त्यांनी बॅग उचलून दाखवली तर अर्धी बॅग चिंब, आणि फळी बाजूला करून बघतो तर आत चांगलं वीतभर पाणी. १८ माणसं बसलेली, त्यात तीन लहान पोरं, अंधार पडायला लागलेला, समोरचा सगळा किनारा अभयारण्याचा, तिथे ना रेंज ना वस्ती. लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती आणि हातपंप चालू होता म्हणून काही झालं नाही, मी हँडल आमच्या घरच्या, लाँचवर सोबत असणाऱ्या आण्णांकडे दिलं आणि बामणोली गाव येईपर्यंत पाणी उपसत बसलो. उतरताना त्या ताईंनी परत विचारलं, रोज एवढंच येतं का पाणी. मी हो म्हणालो आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आमची लाँच २६ फुटांची, फायबरची, आत डिझेल इंजिन. आधी ती कोकणात खाडीत चालायची, तिकडून सेकंडहँड घेऊन कुंभार्ली घाटातून ट्रेलरवर आणली. म्हणजे तिचं अर्धं आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलंय, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. गळती सुकाणूच्या शाफ्टपाशी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुकाणूचं पातं होडीच्या खाली पाण्यात असतं आणि त्याचा उभा दांडा, आमच्याकडे ३८ मिलिमीटरचा स्टेनलेसचा शाफ्ट, तळातून एका नळीतून वर होडीत येतो, वर त्याला आर्म बसवलेला असतो आणि आर्मला स्टिअरिंगची वायर. म्हणजे होडीच्या तळाला मुद्दाम पाडलेलं भोकच ते. त्या नळीच्या वरच्या तोंडाला ग्लँड असते, विहिरीवरच्या मोटरपंपाला असते तशीच, शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या डोरीचे वेढे आणि वरून दोन बोल्टनी दाबणारा फ्लँज. ज्याच्या घरी पंप आहे त्याला ग्लँड डोरी सांगायला लागत नाही.

आता दोन वर्षं आम्ही काय करत होतो, तर पाणी दिसलं की ग्लँड आवळायची. आवळली की आठ दिवस कमी व्हायचं, परत सुरू. मग अजून अर्धा फेरा. एका मेकॅनिकला दाखवलं तर त्याने डोरीला हातही न लावता वरून सिलिकॉनचा थर मारून दिला, पैसे घेतले आणि गेला, तो थर शाफ्ट फिरल्या फिरल्या पहिल्याच दिवशी सुटला. स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की आण्णांचा खांदा दुखायला लागला, तरी पाणी येतच होतं. आणि एक गोष्ट डोळ्यासमोर असून मला दिसली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. लाँच रिकामी रात्रभर बांधून ठेवली तरी सकाळी मागच्या कप्प्यात वाटी दोन वाटी पाणी असायचं. रिकामी असताना आमची ग्लँड पाण्याच्या पातळीच्या वर चार बोटं असते. माणसं बसली आणि इंजिन ओढायला लागलं की मागची बाजू खाली दबते, तेव्हा कुठे ग्लँड पाण्याखाली जाते. मग रात्री रिकाम्या होडीत ग्लँडमधून पाणी येईलच कसं? मी ते प्रोपेलर शाफ्टच्या ग्लँडचं समजत होतो, कारण ती ठिबकतेच, तिला ठिबकावंच लागतं, फिरताना त्या थेंबांनीच डोरी थंड राहते.

मार्चमध्ये शेवटी नीट बघायचं ठरवलं. दाभोळकडचे एक तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, मामा आहेत, ही लाँच ज्यांच्या हाताखाली होती ते, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अरे पाणी दिसतंय तिथून येतच नाय कधी, आधी कोरडं कर नि खडू मार." म्हणून पोरांच्या शाळेतले पांढरे खडू कुटून भुकटी केली, मागचा कप्पा फडक्याने, मग वर्तमानपत्राने पूर्ण कोरडा केला, आणि ग्लँडभोवती आणि खाली नळी जिथे तळातून वर येते त्या बुडाशी, दोन्हीकडे भुकटी पसरली. चुलतभावाला लाँच चालवायला लावली आणि मी टॉर्च घेऊन कप्प्यात पालथा पडलो. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग भावाने डावीकडे जोरात वळवली तशी नळीच्या बुडाशी भुकटीत केसासारखी काळी रेघ उमटली, उजवीकडे वळवली की थांबायची, डावीकडे की परत. बघता बघता ती रेघ रुंद झाली आणि भुकटीची लापशी झाली. ग्लँडमधूनही थेंब येत होते, नाही असं नाही, पण खरी धार बुडातून होती. दोन वर्षं आम्ही वरचं झाकण आवळत होतो आणि पाणी पायातून येत होतं.

आता हे काम पाण्यात होत नाही, लाँच बाहेर काढायलाच लागते, आणि आमच्याकडे काही बंदरासारखी रॅम्प नि क्रेन नाही. आमची सोय कोयनाच करते. १०५ टीएमसीचं धरण, मे अखेरीला पाणी पार खाली जातं आणि जुलै-ऑगस्टला परत चढतं. मेच्या सुरुवातीला चांगली जागा बघून लाँच काठाला लावून ठेवायची, पाणी रोज उतरत जातं, दहा-बारा दिवसांत लाँच आपोआप कोरड्यावर. नंतर पावसाळ्यात पाणीच तिला उचलून घेतं. फक्त जागा चुकली तर होडी कलंडते, म्हणून बुड टेकायच्या आधी दोन्ही बाजूंना टेकू लागतात.

आम्ही जागा निवडली ती आमच्याच जुन्या शेतात. साठच्या दशकात धरणात पाणी भरलं तेव्हा गाव वर सरकलं, शेत खाली राहिलं. उन्हाळ्यात अजूनही ताली, म्हणजे शेताचे दगडी बांध, दिसतात, एका घराचं जोतं दिसतं. आण्णा दरवर्षी तिथे एकदा तरी जाऊन उभे राहतात. त्यांच्या वडलांनी रचलेल्या तालीचे दगड घेऊन आम्ही लाँचला टेकू दिले, वर लाकडी ओंडके, मध्ये जुने टायर. आण्णा प्रत्येक दगड घेताना कुठला कुठून काढला ते बघून ठेवत होते, काम झाल्यावर सगळे परत जागच्या जागी लावायला लावले त्यांनी, जिथे दोन महिन्यांनी परत पन्नास फूट पाणी येणार तिथे. मी काही बोललो नाही, लावले.

१४ मेला काम सुरू केलं. सुकाणू काढायचं म्हणजे ते खाली सोडायचं असतं, वर ओढून निघत नाही कारण पातं खाली आहे. पात्याची उंची आणि वर साडेतीन फूट शाफ्ट, आणि तळ जमिनीपासून जेमतेम गुडघाभर वर. म्हणजे खाली खड्डा. वरचा गाळ वाळून चिरफाळलेला, भेगा इतक्या की हात जाईल, पण फूटभर खाली अजून ओला चिकट. चुलतभाऊ आणि मी मिळून कंबरेएवढा खड्डा मारला. मग वरून आर्मचा बोल्ट सोडला, चावी, म्हणजे शाफ्टच्या खाचेतली पट्टी, पंचाने ठोकून काढली, पात्याचं खालचं टोक धरणाऱ्या टाचेच्या बेअरिंगचा ब्रॅकेट सोडला आणि पात्याला दोरखंड बांधून हळूहळू खाली सोडायला लागलो. निम्म्यात अडकलं. जोर न लावता शाफ्टवर डिझेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी स्वतःहून सरकलं. जोर लावला असता तर नळीच तुटली असती असं आता नळीची हालत बघून वाटतं.

मग डोरी काढली. याला बाजारात हूक मिळतो, आम्ही सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आणि घासून केला. पहिले दोन वेढे काळे कुळकुळीत, कोळशासारखे कडक, बाहेर येताना तुकडे पडत होते. त्याखाली अजून दोन. आणि सगळ्यात तळाला, मला वाटलं झालं, टॉर्च मारला तर अजून काहीतरी दिसतंय, ते काढलं तर नारळाच्या काथ्याचा पिळा निघाला, कुणीतरी कधीतरी डोरी नव्हती म्हणून भरलेला. कोकणातलाच असणार. तो कुजून मऊ झालेला आणि त्यात पाणी कायम साचून राहायचं. बरोबर त्या जागी शाफ्टवर करंगळीएवढ्या रुंदीचा पट्टा होता, त्यात बारीक बारीक खड्डे, देवीचे व्रण असतात तसे. बाकी शाफ्ट चकचकीत. स्टेनलेसला गंज लागत नाही असं आपण म्हणतो, पण त्याला उघडी हवा, वाहतं पाणी लागतं. अडचणीच्या जागी खारं पाणी कोंडून राहिलं की आतल्या आत खातं. कोकणातलं मीठ आमच्या गोड्या पाण्यात येऊन एवढी वर्षं बसलं होतं.

शाफ्ट काढल्यावर नळीतले बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती आतली नळकांडी, मोजले. वरचा ठीक होता, खालचा एका दिशेने ३८.४ आणि दुसऱ्या दिशेने ३९.६. म्हणजे गोल राहिलाच नव्हता, अंडाकृती झालेला, आणि एका बाजूला जवळजवळ अर्धं सूत मोकळा. आता सगळं जुळलं. बुश झिजला म्हणून प्रत्येक वळणावर, प्रत्येक लाटेला सुकाणू आत आपटायचं. त्या आपटण्याने वरची डोरी एका बाजूला चेपून पाणी यायचं, आणि खाली नळी आणि तळाचा सांधा हलून हलून तडकला. ग्लँड आवळून आम्ही शाफ्टला वर घट्ट धरत होतो, मग आपटण्याचा सगळा भार त्या बुडाच्या सांध्यावर. आवळून आम्ही रोग वाढवला.

बुश करायला कासवरून साताऱ्याला, एमआयडीसीत लेथवाले काका आहेत त्यांच्याकडे गेलो. माझ्या डोक्यात नायलॉन होतं, स्वस्त, गंजत नाही, आवाज नाही. काका म्हणाले, "पाण्यात न्हाई चालत. फुगतं." मी म्हटलं एवढं काय फुगतंय, गावात पंपाला नायलॉनचे बुश बघितलेत मी. ते वाद घालत बसले नाहीत, भंगारातला नायलॉनचा एक तुकडा घेतला, भोक पाडून माझ्यासमोर शाफ्टच्या मापाचा नमुना केला, आत पिन फिरते बघ म्हणाले, आणि बादलीत टाकून दिला. घेऊन जा, चार दिवसांनी बघ. मी घरी आणून खरंच चार दिवस बादलीत ठेवला. पाचव्या दिवशी पिन आत जाईना, हाताने दाबून अर्धीच गेली. नायलॉन पाणी पितं, सगळ्या बाजूंनी वाढतं, आणि बाहेरून नळीने दाबलेलं असलं की वाढायला आतच जागा उरते. असा बुश लावून आम्ही निघालो असतो तर आठ दिवसांनी भर पाण्यात स्टिअरिंग जाम. मग गनमेटल, म्हणजे काशासारखा मिश्रधातू. काकांनी आत उभ्या दोन खाचा पण मारून दिल्या, पाणी नि ग्रीस फिरायला, आणि शाफ्टला फट ठेवली पॉइंट तीन मिलिमीटर. यापेक्षा कमी ठेवली तर एक वाळूचा कण पुरतो अडकायला, असं त्यांचं म्हणणं.

शाफ्टवरच्या व्रणांचं काय करायचं यावर जरा डोकं लावलं. वेल्डिंग भरून परत टर्निंग करता येतं, पण पातं शाफ्टला वेल्ड केलेलं, ते सगळं धूड लेथवर फिरवायचं, शिवाय उष्णतेने शाफ्ट वाकायची भीती. काकांनीच सुचवलं, खराब पट्टा एका वेढ्याएवढाच आहे ना, मग डोरी त्याच्यावर बसूच देऊ नकोस. त्यांनी १० मिलिमीटर जाडीची गनमेटलची एक रिंग करून दिली, ती ग्लँडच्या तळाला टाकायची, म्हणजे डोरीचे वेढे त्याच्या वर, चांगल्या शाफ्टवर बसतील. चारऐवजी तीन वेढे. प्रोपेलरचा शाफ्ट मिनिटाला शेकड्यांनी फिरतो, सुकाणू इकडून तिकडे पाव फेराही फिरत नाही, त्याला तीन पुरतात. मला हा उपाय फार आवडला. खराब शाफ्ट बदलायचे पैसे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

जुना बुश काढणं मात्र जिवावरचं काम होतं. ठोकला असता तर तडकलेली नळी गेली असती. हॅक्सॉचं ब्लेड नळीतून घालून परत फ्रेमला लावलं आणि आतून बुशला उभा काप दिला, समोरच्या बाजूला दुसरा. काप पितळेतच राहिला पाहिजे, नळीच्या फायबरला लागता कामा नये, म्हणून दर दहा-बारा घावांनी थांबून बोट घालून चाचपायचं. दीड दिवस गेला. शेवटी बारीक छिन्नीने काप आतल्या बाजूला दुमडला आणि अख्खा बुश पत्र्यासारखा गुंडाळून हातात आला.

आता बुडाचा सांधा. नळीभोवती आतून फायबरचा गोळा होता, ग्राइंडरने तो खरवडत गेलो तसतशी तड दिसत गेली, नळीच्या भोवती पाऊण गोल. तडीतून पाणी फायबरच्या आत मुरलेलं. इथे लोक घाई करतात आणि त्याच दिवशी वर रेझिन लावून मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, मारतात, ओल्या फायबरवर रेझिन धरतच नाही, वर्षभरात पापुद्रा सुटून येतो. वाळलं की नाही कसं कळायचं, तर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा घेऊन चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि उन्हात ठेवायचा. पहिल्या दिवशी दुपारी प्लॅस्टिकच्या आतून दव पडल्यासारखे थेंब. दुसऱ्या दिवशी पण. आम्ही ताडपत्रीचा मांडव काढून टाकला, आतून जुना टेबलफॅन लावला, जनरेटरवर.

आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. चारला आभाळ काळं झालं, वाऱ्याने ताडपत्री हातातून सुटली, गारा. चुलतभाऊ नि मी मागच्या कप्प्यावर आडवे पडलो, खरंच अंगाने झाकून धरलं, आण्णा खालून नळीच्या भोकात फडकी कोंबत होते. पाऊण तासात थांबला. खड्डा काठोकाठ भरला, त्यात आमचा पाना, दोन स्पॅनर आणि चहाची किटली तरंगत नाहीतर बुडालेली. पण कप्पा कोरडा राहिला. खड्डा उपसायला दुसरा अख्खा दिवस गेला, आणि गाळाची एक बाजू ढासळली ती परत खणली. पाचव्या दिवशी प्लॅस्टिकच्या आत एकही थेंब नाही.

मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना, आतून आणि बाहेरून, उतार घासला. फायबरची जाडी जेवढी त्याच्या दहा-बारापट लांब उतार लागतो, तरच नवीन जुन्याला धरतं. असिटोनने पुसलं. साधं पॉलिस्टर रेझिन न वापरता एपॉक्सी वापरलं, महाग आहे, पण जुन्या वाळलेल्या फायबरवर तेच जास्त चांगलं चिकटतं. आधी एपॉक्सीत सिलिका पावडर कालवून पिठल्यासारखं घट्ट करून नळीच्या कोपऱ्यात बोटाने गोलाई भरली, मग कापडाचे तुकडे, लहान, त्यावर मोठा, त्यावर अजून मोठा, प्रत्येक थर ब्रशने ठोकून हवेचे बुडबुडे काढत. मेच्या उन्हात हे डब्यातच तापून धूर काढायला लागतं म्हणून पहाटे साडेपाचला सुरू करायचो आणि एका वेळी चहाच्या कपाएवढंच कालवायचो.

त्याच वेळी नवीन बुश पण एपॉक्सीत बसवला, आणि इथे तांडेल मामांनी फोनवर सांगितलेली गोष्ट लाखाची. बुश नळीत चिकटवताना शाफ्ट आत घालूनच चिकटवायचा, म्हणजे वरचा आणि खालचा बुश आपोआप एका ओळीत येतात. नाहीतर एक जरा तिरका बसला की शाफ्ट जन्मभर घासत राहणार. फक्त शाफ्टला आधी मेण चोळायचं, नाहीतर शाफ्टही चिकटला. आम्ही मेणबत्ती चोळली, दोनदा, आणि दर पंधरा मिनिटांनी पातं हाताने थोडं फिरवून बघत राहिलो.

डोरीचं माप काढायला ग्लँडचं भोक ५८, शाफ्ट ३८, फरक २० त्याचं निम्मं १०, म्हणजे १० मिलिमीटरची चौकोनी डोरी. पंपाला वापरतात ती काळी ग्रॅफाइटची गावात सहज मिळते, पण ग्रॅफाइट आणि स्टेनलेस ओल्यात एकमेकांना लागून राहिले की स्टेनलेस खायला सुरुवात होते, आधीच व्रण पडलेल्या शाफ्टला ते नकोच होतं. पांढरी टेफ्लॉनची आणली साताऱ्याहून.

हे काम मी एकट्याने केलं, कुणाला हात लावू दिला नाही. अख्खी डोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून भरायची नसते, तसं केलं की पाण्याला चढायला जिनाच मिळतो. प्रत्येक वेढा वेगळा. शाफ्टच्याच चांगल्या भागावर डोरी तीन वेळा गुंडाळली, न ताणता, आणि नव्या ब्लेडने तिरका काप दिला, एका झटक्यात, करवतीसारखा घासला की दोरे सुटतात. तीन रिंगा हातात आल्या, तिन्ही सारख्या, टोकं एकमेकांवर ओढणीच्या काठासारखी बसणारी. आधी गनमेटलची रिंग टाकली. मग पहिला वेढा, ग्रीस लावून, तोंड माझ्याकडे. पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून दोन अर्धे केले होते, ते शाफ्टभोवती धरून हलक्या हातोडीने वेढा तळापर्यंत बसवला, ठोक्याचा आवाज पोकळ येतो तोपर्यंत बसला नाही, टणक आला की बसला. दुसऱ्याचं तोंड एक तृतीयांश फेरा पुढे, तिसऱ्याचं अजून तेवढंच पुढे, म्हणजे सांध्यावर सांधा कुठेच नाही. मग फ्लँज, आणि दोन्ही नट हाताने, इकडे अर्धा फेरा तिकडे अर्धा फेरा. जुन्या फ्लँजला एका बाजूला चकाकी होती, म्हणजे दोन वर्षं तो तिरका आवळला जात होता, ज्या बाजूला पाना सहज पोचतो त्या बाजूला जास्त. मी यावेळी दोन्हीकडची फट कागदाच्या घड्या घालून मोजली.

पाणी यायला अजून दीड महिना तरी होता पण तोपर्यंत वाट बघायची तयारी नव्हती. म्हणून उलटं केलं, मागच्या कप्प्यात आतून पाणी भरलं, ग्लँडच्या वर दोन बोटं येईल एवढं, आणि बाहेर तळाला खडू फासून खड्ड्यात बसून राहिलो. आतलं पाणी बाहेर येत नसेल तर बाहेरचं आत येणार नाही. एक तास, दोन तास, खडू पांढराच. आण्णा खड्ड्याच्या काठावर बसले होते, म्हणाले, "आता भाईर ये की. जेवायचं न्हाई का?" मी अजून अर्धा तास बसलो. ती तारीख ३० मे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी लाँचपर्यंत आलं. त्याच्या आधीच दगड काढून जागेवर लावले होते, फक्त ओंडके नि टायर ठेवले, चारही बाजूंनी दोर बांधले आणि दोन रात्री आळीपाळीने जागलो. पहाटे कधीतरी तिने बुड सोडलं, एक हलका हिंदकळा बसला आणि टायर पाण्यावर आला. टॉर्च घेऊन लगेच कप्प्यात. बुडाचा सांधा कोरडा. ग्लँड कोरडी.

पावसाळ्यात पर्यटन बंद असतं, ते बरंच झालं. सप्टेंबरात पाऊस उघडला तसं भाराची चाचणी घेतली. १८ माणसं आणि आम्ही दोघं, सरासरी ६५ किलो धरलं तर १३०० किलो, म्हणजे ५० किलोच्या २६ वाळूच्या गोण्या. माणसं बसवून बघायची माझी तयारी नव्हती. गोण्या सीटवर ठेवल्या, मागे जास्त, आणि जलाशयाच्या काठावरच्या तापोळ्यापर्यंत जाऊन आलो, वाटेत मुद्दाम जोरात वळणं घेत. येताना ग्लँडवर एक थेंब जमला. बघत राहिलो, मोठा झाला, ओघळला, चार मिनिटांनी दुसरा. नवीन डोरी बसते तसं होतंच, दोन्ही नट फक्त एक अष्टमांश फेरा दिले, लॉकनट लावला. थेंब थांबला आणि स्टिअरिंग हाताच्या दोन बोटांनी फिरत होतं. सुकाणूची ग्लँड पूर्ण कोरडी राहू शकते, प्रोपेलरसारखं तिला थेंब सोडायची गरज नसते, म्हणून "थोडं ठिबकतंच" हे आता आमच्या लाँचवर कुणी म्हणत नाही.

सगळा खर्च साडेअकरा हजार झाला, त्यात निम्म्याहून जास्त एपॉक्सी आणि बुशचे. मजुरी आमची. आता फळीखाली एक वही ठेवलीये प्लॅस्टिकच्या पिशवीत, रोज सकाळी कप्प्यात बोट फिरवायचं आणि कोरडं की ओलं ते लिहायचं, ओलं असेल तर किती वाट्या. महिन्यातून एकदा ग्रीस. ऑक्टोबरात वासोटा सुरू झाल्यापासून वहीत फक्त एकदा ओलं आहे, ७ नोव्हेंबरला, तेव्हा परत अष्टमांश फेरा दिला. टाचेचा खालचा बुश यावेळी बदलला नाही, त्यात पण थोडा खेळ आहे, तो येत्या मेमध्ये करायचाय. काकांना माप देऊन ठेवलंय, आणि उरलेली अर्धा मीटर पांढरी डोरी त्याच वहीच्या पिशवीत आहे.